ओळंबा आणि माणूस : रोजच्या रेखाटनाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

काम: रोज माणूस काढायचा. वीस मिनिटं. वेळ संपली की पेन खाली, मग चित्राला एकच पाय असला तरी चालेल.

साहित्य: ऑफिसातले रद्द झालेले ए३ प्रिंट, म्हणजे पाठकोरे कागद. पुठ्ठा, दोन क्लिपा, निळं बॉलपेन. पेन्सिल मुद्दाम नाही. पेन्सिल आली की खोडरबर येतो, आणि खोडरबर आला की वीस मिनिटांत एक नाक होतं.

पार्श्वभूमी: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे धातू ओतायच्या साच्यांसाठीचे नमुने, डिझाइन करतो. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, बेअरिंग हाउसिंग, काहीही सांगा, कुठल्याही बाजूनं काढून देतो. माणूस मात्र येत नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, पण स्मरणचित्रात माणसं काढायचं कौशल्य म्हणजे माणसं लपवायचं कौशल्य होतं. बाजाराचा विषय आला की हात टोपलीमागं, पाय गवतात, चेहरा फेट्याखाली. पावसाळा आला तर काय, सगळ्या छत्र्याच. हात एकदाही न काढता ए ग्रेड मिळवलेल्या पिढ्या आहेत आपल्याकडं.

७ जून, शुक्रवार

सध्या मॉडेल म्हणजे मोबाईलवरचे खेळाडूंचे फोटो. टायमर ३० सेकंदांवर लावून एका कागदावर मावतील तेवढ्या आकृत्या.

३० सेकंदांत काय बसतं हे बघून क्रम ठरवला. आधी डोक्याचा लंबगोल. मग मानेपासून टाचेपर्यंत एकच धावती रेघ. मग खांद्यांची तिरपी रेघ, कमरेची तिरपी रेघ. वेळ उरला तर हातपाय. बाह्यरेषेनं सुरुवात केली तर आपण कानापाशी असतानाच घंटा वाजते.

दोन मिनिटांच्या रेखाटनात छातीचा पिंजरा आणि कमरेचा ठोकळा असे दोन घट्ट भाग आधी ठेवतो. हे दोन्ही स्वतः वाकत नाहीत, वाकतो तो मधला भाग. पाठीच्या कण्याचा हिशेब यातच येतो: मानेत ७ मणके, छातीमागं १२, कमरेत ५. मधले बारा फासळ्यांना जखडलेले, म्हणून त्यांची हालचाल थोडी. वाकणं होतं ते मुख्यतः मानेत आणि कमरेत. हे कळल्यावर माझी माणसं केळासारखी वाकायची थांबली.

१२ जून, बुधवार

आज पेनाऐवजी टेप. मी १६८ सेंटिमीटर, हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं साडेबावीस. म्हणजे जवळजवळ साडेसात डोकी. चित्रकलेत सामान्य माणसाला हेच माप सांगतात, आणि देखणा, भव्य माणूस हवा असला की आठ करतात. पाच वर्षांची पुतणी १०८ सेंटिमीटर, डोकं १९. तिची पावणेसहाही भरत नाहीत. नवजात बाळ जेमतेम चार डोक्यांचं. लहान मूल काढताना नुसता मोठा माणूस छोटा केला की तो बुटका गृहस्थ का दिसतो, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

घरात सगळ्यांना लावून पाहिलेली आणखी मापं: उंचीचा मध्य बेंबीपाशी नाही, जांघेपाशी येतो. डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्यावर (आपण सगळे ते कपाळात काढतो). हात खाली सोडला तर कोपर शेवटच्या फासळीच्या आसपास, मनगट जांघेच्या रेषेत, बोटांची टोकं अर्ध्या मांडीवर. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढा. पाऊल मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढं. आईला हे शेवटचं पटेना. स्वतःचं पाऊल हातावर धरून बघितलं तेव्हा हसली.

आपल्याकडच्या मूर्तिशास्त्रात माप तालाचं. एक ताल म्हणजे बारा अंगुळं, आणि नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुळं. साडेसात डोकी आणि नऊ ताल असे आकडे शेजारी ठेवून आपल्या मूर्ती फार उंच असतात असं म्हणायची घाई करू नये. ताल हा चेहऱ्याचा, हनुवटी ते केसांची रेषा. डोकं टाळूपर्यंत मोजतात. दोन्हींचं शून्य वेगळ्या ठिकाणी आहे. ड्रॉइंगवर डेटम, म्हणजे माप जिथून धरायचं ती जागा, न लिहिता माप लिहिलं तर आमच्याकडं जॉब रिजेक्ट होतो.

१९ जून, बुधवार

वेळेबद्दल. रात्री जेवणानंतरची वेळ ठेवली होती, ती बदलली. कारण आळस नाही. कारण मोबाईल. फोटो शोधायला उघडायचा आणि फोटो शोधण्यातच वीस मिनिटं जायची. शिवाय फोटोतला माणूस आधीच चपटा झालेला असतो. कॅमेऱ्यानं आपलं काम करून टाकलंय, आपण त्याची नक्कल करतोय.

म्हणजे अडचण मनाच्या निश्चयाची नाही, मॉडेलची आहे. रोज काढायचं तर रोज, ठरल्या वेळी, समोर जिवंत माणूस हवा, आणि तो कोण हे आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. कागदाच्या कोपऱ्यात रात्री नाव लिहून ठेवायचं. उद्याच्या कागदावर लिहिलंय: आई, सकाळी सात, विळी.

२० जून, गुरुवार

विळीवर बसलेली बाई हे फार अवघड आणि फार चांगलं मॉडेल. एक पाय विळीच्या पाटावर दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, पाठ पुढं झुकलेली आणि दोन्ही हात पात्याशी. समोरून बघितलं तर उभी मांडी आपल्याकडं येते, त्यामुळं ती लांब दिसतच नाही. गुडघा आणि त्यामागं थेट पोट. मेंदूला ठाऊक असतं की मांडी लांब असते, म्हणून हात लांब मांडी काढायला जातो. उपाय एकच: मांडी न काढता तिच्या भोवतीची रिकामी जागा काढायची. गुडघा, दंड आणि कमर यांच्या मधला लुगड्याचा त्रिकोण काढला की मांडी आपोआप बसते.

"माझं काय काढालाईस? त्यापेक्षा शेंगा निवड की."

निवडल्या. नंतर.

२३ जून, रविवार

मध्यवर्ती बसस्थानक. चंदगड, गारगोटी, गडहिंग्लज अशा लांबच्या गाड्यांच्या फलाटावर माणसं जास्त वेळ बसतात, म्हणून तिकडच्या बाजूला.

एक गोष्ट लवकर लक्षात आली. उभा राहून वाट बघणारा माणूस स्थिर नसतो, पण त्याच्या दोनच अवस्था असतात. थोडा वेळ डाव्या पायावर, मग उजव्यावर, मग परत डाव्यावर. म्हणून एकाच कागदावर त्याची दोन चित्रं सुरू करायची. तो हलला की दुसऱ्यावर जायचं, परत आला की पहिल्यावर. फळविक्रेते, हमाल, कंडक्टर, सगळे असेच जमले.

मोबाईलमुळं स्टँडवरच्या सगळ्या माना खाली गेल्यात. चित्रकाराचा यात फायदा. मान खाली घातली की मागं कॉलरच्या वर एक उंचवटा दिसतो, तो मानेचा सातवा मणका. मान संपून पाठ सुरू होते ती जागा. मान खांद्यांवर सरळ उभी नसते, मागून पुढं तिरपी निघते, हे बाजूनं बघताना त्या एका टेंगळावरून कळतं. शर्टाच्या कॉलरी मागं उंच आणि पुढं खाली का असतात तेही.

७ जुलै, रविवार

तालीम.

ओळखीच्या पोराबरोबर पहाटे गेलो. वस्तादांना आधी विचारलं. ते म्हणाले, "बसा की भिंतीकडंला. काय काढायचं ते काढा. पर फोटू नगं."

इथं आधी का आलो नाही कळत नाही. कोल्हापुरात राहून माणसाचं शरीर शिकायला मोबाईलवर परदेशी शरीरसौष्ठवपटू बघत बसायचं म्हणजे कमाल. लंगोटावरची पंधरा-वीस पोरं जोर मारतायत, बैठका काढतायत, आणि एकच हालचाल शंभर वेळा करतायत. बसस्थानकावर माणूस हलला की गेला. इथं तो दोन सेकंदांत परत त्याच अवस्थेत येतो. जोर मारताना छाती खाली जाऊन पुढं निघते आणि पाठ वर उचलली जाते, ती कमान मी एका कागदावर एकावर एक काढत गेलो. शेवटच्या काही रेघा बऱ्या.

हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती लाल, हळद-तेल-ताक मुरलेली. ती घामावर बसली की शरीराचे सपाट भाग वेगळे दिसतात: छातीचा वरचा, बरगड्यांचा बाजूचा, पाठीवर खांद्याच्या पात्यांचे दोन. उजेड एकाच झरोक्यातून. छायाप्रकाश शिकायला यापेक्षा बरी सोय कुठं मिळणार.

पायांवर जास्त वेळ दिला. पोटरी मागून बघितली तर आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली येतो. घोट्याचं उलटं: आतला घोटा वर, बाहेरचा खाली. पोटरीची तिरपी रेघ एकीकडं, घोट्याची दुसरीकडं. एवढी दोन तिरकसपणं सांभाळली की पाय पाय दिसतो. नाहीतर टेबलाचा खूर. स्नायूंची लॅटिन नावं पाठ करणं हा चित्र न काढता अभ्यास केल्याचं समाधान मिळवायचा सभ्य मार्ग आहे, असं माझं मत होत चाललंय.

निघताना वस्तादांनी कागद मागून घेतले. पानं उलटली, एका आकृतीवर बोट ठेवलं.

"ह्यो पडणार."

"का?"

"वजन कुठं हाय ह्येचं? दोन्ही पायावर बी न्हाई, एका पायावर बी न्हाई. असा उभा ऱ्हायला तर कोण बी उचलंल." मग एका पोराला हाक मारून समोर उभं केलं. "वजन ज्या पायावर, त्यो पाय पटकन उचलत न्हाई. पट तिथंच काढायचा. आधी त्यो पाय बघा, मग बाकीचा गडी." (पट काढणं म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडणं.)

१० जुलै, बुधवार

वस्तादांचं वाक्य भिंतीला चिकटवलंय: आधी तो पाय बघा.

दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. समोरच्या माणसाच्या गळ्याच्या खाचेवर, म्हणजे गळ्याची दोन हाडं मध्ये जिथं भेटतात तिथं, डोळ्यासमोर दोरा धरायचा. तो कुठं उतरतो ते बघायचं. दोन्ही पायांवर सारखं वजन असेल तर दोन पावलांच्या मध्ये. एका पायावर असेल तर त्या पायाच्या घोट्याशी. हे जुळलं नाही तर माणूस चालतोय, टेकलाय किंवा पडतोय. चौथं काही नाही.

दुसरं, यातूनच येणारं: ज्या पायावर वजन त्या बाजूची कंबर वर जाते, मोकळ्या पायाकडची खाली लोंबते. खांदे बहुधा उलटे, वजनाच्या बाजूचा खांदा खाली. म्हणून त्या बाजूच्या कुशीला घडी पडते आणि दुसरी कुस ताणली जाते.

आता क्रम बदलला. डोक्यानंतर धावती रेघ नाही. डोकं, गळ्याची खाच, तिथून सरळ खाली ओळंबा, आणि वजनाचं पाऊल. एवढं झालं की मग सगळं शरीर या दोन टोकांच्या मध्ये बसवायचं. वजनाचं काम मी रोजच करतो. कुठल्याही कास्टिंगचा गुरुत्वमध्य आमच्याकडं सॉफ्टवेअर काढून देतं. माणसाला तो डोळ्यांनी काढायचा, एवढाच फरक.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. नंदवाळच्या दिंडीच्या वाटेवर उभा होतो. चालणारा माणूस अजून येत नाही. टाळकऱ्यांच्या हातांपुढं तर पेन हरतं. पाऊस. कागद भिजले.

२५ जुलै, गुरुवार

पंचगंगेचं पाणी चढलंय. शहरात सगळ्यांच्या तोंडी दोनच आकडे, राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोक्याची. पाणी बघायला येणारी गर्दी नदीकडच्या प्रत्येक रस्त्यावर. पाणी बघणारा माणूस फार वेळ बघतो, त्यामुळं मॉडेलांना तोटा नाही.

रेनकोटनं सांधे झाकले जातात. मग घड्यांवरून ओळखायचं. कापड जिथं अंगाला टेकून ताणतं तिथून घड्या निघतात: खांद्याचं टोक, कोपर, नितंब, गुडघा. घडी कुठं संपते यापेक्षा कुठून निघते ते महत्त्वाचं.

गल्लीतल्या बोअरवर पाणी भरणाऱ्या बायका. कमरेवर कळशी घेतली की अंग दुसऱ्या बाजूला कलतं आणि मोकळा हात बाहेर उचलला जातो. इथं गळ्याच्या खाचेचा ओळंबा पावलावर येत नाही. येणारच नाही, कारण पाऊल आता बाई आणि कळशी दोघांचं वजन पेलतंय. ओझं धरून हिशेब करायला हवा.

१ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसात आज कुणी काम केलं नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ, ४५१.४ गुण. संध्याकाळी पेढे.

रात्री रीप्ले लावून रेखाटनं. या स्पर्धेचं नावच माझ्या अभ्यासाचं आहे: तीन अवस्था, गुडघ्यावर, पालथं, उभं. उभ्या अवस्थेसमोर सगळ्यात जास्त वेळ बसलो. नेमबाज सरळ उभा नसतो. नियमाप्रमाणे रायफल आठ किलोपर्यंत असू शकते आणि ती सगळी शरीराच्या पुढं, म्हणून तो पाठीतून मागं कलतो. कंबर पुढं काढतो आणि रायफल पेलणाऱ्या हाताचं कोपर त्या कमरेच्या हाडावर टेकवतो. वजन दंडाच्या स्नायूंवर राहत नाही. हाडावरून हाडावर उतरत पावलात जातं. म्हणून तो थरथरत नाही.

कळशीवाली बाई आणि हा ऑलिंपिकवीर, दोघांचं गणित एकच. शाळेत कुणी आधी असं दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवायला हवं होतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. आज केशवरावांची जयंती. सकाळी तिथं गेलो, खूप माणसं नुसती उभी होती. वही काढली नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

त्या दिवसाची जागा कोरी राहिली म्हणून एका मित्रानं विचारलं की आता साखळी तुटली, परत एकपासून मोजणार का. मोजतच नव्हतो.

सवय एकवीस दिवसांत लागते हे सगळीकडं ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. रोज एक नवी गोष्ट, ठरलेल्या प्रसंगाला जोडून: जेवणाबरोबर फळ, जेवणाआधी पळणं, असं. ती आपोआप होऊ लागायला लागलेला काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

मला यातली खरी उपयोगाची गोष्ट आकडा नाही वाटत. ठरलेला प्रसंग ही वाटते. माझा प्रसंग घड्याळ नाही, माणूस आहे. सोमवार आणि गुरुवार तालीम. मंगळवारी आई. बुधवारी आणि शुक्रवारी कंपनीच्या बसची वाट बघणारे लोक. शनिवारी कॅन्टीन. ज्या आठवड्यात कागदाच्या कोपऱ्यात नाव लिहिलेलं नसतं त्या आठवड्यात काम ढेपाळतं, मग उत्साह कितीही असो.

२५ ऑगस्ट, रविवार

खिद्रापूर. कृष्णेचं पाणी उतरलंय. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मध्ये गोल उघडं, खाली उजेडाचा तेवढाच गोल. तिथं सगळे फोटो काढतात. मी बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींपुढं बसलो. बऱ्याच भंगलेल्या. कुणाचे हात गेलेत, कुणाचा चेहरा. धड शाबूत असेल तर अभ्यासाला तेवढं पुरतं.

त्रिभंग म्हणजे एका पायावर वजन, कंबर त्या बाजूला, छाती उलट, मान परत पहिल्या बाजूला. मूर्तिकार मधून ब्रह्मसूत्र नावाची उभी रेघ धरतात आणि डोकं, छाती, कंबर तिच्यापासून किती सरकली ते मोजतात. ओळंबाच तो. फरक पुढं येतो. इथं गुडघ्याची हाडं, घोटे, बरगड्या जवळजवळ नाहीत. अंग आतून भरलेलं, श्वास घेतल्यासारखं. वजन मात्र जागेवर. तालमीत हाडं दिसतात म्हणून मी त्यांच्या आधारानं वजन शोधायचो. बाराव्या शतकातल्या शिलाहार राजांच्या या कारागिरानं ते आधार काढून टाकले तरी बाई उभी आहे. मला हे अजून जमायचं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

हात. टाळत होतो ते आता घेतले. गणपती तीन दिवसांवर, कुंभार गल्लीत रंगकाम रात्रभर चालू, आणि हातांना दुसरं काम नाही.

पंजा आधी बोटांशिवाय ठोकळा म्हणून. मागून बघितलं तर मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या साधारण अर्ध्यावर मोठी पेरं येतात, आणि ती सरळ रेषेत नाहीत, कमानीत. तळव्याकडून तीच बोटं आखूड दिसतात, कारण बोटांमधली कातडी तिकडं वरपर्यंत येते. अंगठा बाकी चौघांच्या पातळीत नसतोच. त्याचं नख वेगळ्या दिशेला बघतं. ब्रश धरलेला हात काढताना आधी ब्रशची रेघ, मग तिच्यावर टेकणारी तीन टोकं, मग हात. डोळे रंगवणारा कारागीर करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो, मगच ब्रश हलवतो. इथंही वजन कुठंतरी उतरतंच.

२२ सप्टेंबर, रविवार

पुढचा टप्पा: लांब बैठक.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पूर्वी आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढून घ्यायचे. जिवंत नग्न मॉडेलचा वर्ग तिथं ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य झाल्यावर, १९२० च्या सुमारास सुरू झाला. आपल्याकडं मॉडेल म्हणून बसणाऱ्यांना अजूनही नीट पैसे आणि नीट वागणूक मिळायची बोंब आहे. आम्ही चौघांनी मिळून जे ठरवलं ते लिहून ठेवतो. तालमीतून बाहेर पडलेला, आता पानपट्टी चालवणारा एक जुना पैलवान महिन्यातून दोन रविवारी दोन तास यायला तयार झालाय. अर्धी चड्डी घालून. पैसे तासावर, आधी हातात. वीस मिनिटं उभा, पाच मिनिटं सुट्टी. पावलांभोवती खडूनं रेघ मारायची म्हणजे सुट्टीनंतर तो त्याच जागी उभा राहील. खोलीत फोन नाहीत. मध्ये कुणी आत-बाहेर करायचं नाही.

त्याची एकच अट आहे, पोट काढायचं नाही. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.